पोटाची कुरबुर आणि उपायांची पारख

ज्या दुखण्यावर एक खात्रीचे औषध असते, त्यावर लोक सहसा दुसरे औषध शोधत नाहीत. क्षयरोगाचे निदान झाले की ठरावीक गोळ्यांचा ठरावीक महिन्यांचा क्रम सुरू होतो. एखाद्या दुखण्यावर मात्र शेजारी एक उपाय सांगतो, सासुरवाडीला दुसरा कळतो आणि बाजारात तिसरा मिळतो. असे झाले की दोन गोष्टींची शक्यता असते. ते दुखणे नेमके काय आहे हे नीट कळलेले नसते, किंवा त्याचा स्वभावच असा असतो की कोणत्याही उपायाने थोडे बरे वाटावे. पोटाचा एक फार सामान्य विकार या दोन्ही प्रकारांत बसतो. डॉक्टर त्याला 'आयबीएस' म्हणतात. मराठीत आपण त्याला 'क्षोभी आतड्याचा विकार' म्हणू या.

शिक्षकांनी या विषयात लक्ष घालावे याची कारणे दोन. पहिले व्यवहाराचे. परभणीसारख्या जिल्ह्यात पोटाच्या तज्ज्ञाला दाखवायचे म्हणजे अनेकदा नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. त्यामुळे त्याआधी गावातल्या जाणत्या माणसांचा सल्ला घेतला जातो आणि त्या जाणत्यांत गुरुजी असतातच. दुसरे कारण विज्ञान शिकवण्याचे. 'मला गुण आला' आणि 'या औषधाने गुण येतो' या दोन विधानांत मोठे अंतर आहे. ते समजावून देण्यासाठी या विकाराइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. मी वैद्यकीय डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत काम करणारा संशोधक आहे. त्यामुळे औषध कोणते घ्यावे हे सांगणे माझे काम नव्हे. औषधाची परीक्षा कशी करतात, ते मात्र सांगता येईल.

विकार कोणता?

पोटात वारंवार दुखते किंवा कळ येते. दुखण्याचा संबंध शौचाशी असतो. शौचाला जाऊन आल्यावर अनेकांना बरे वाटते, काहींचे दुखणे वाढते. शौचाला जाण्याची संख्या बदलते, मळाचे स्वरूपही बदलते. कोणाला सतत जुलाब होतात, कोणाला बद्धकोष्ठ असते, तर कोणाला आलटूनपालटून दोन्ही. पोट फुगते, गुरगुरते, साफ झाल्यासारखे वाटत नाही. आणि इतके होऊनही रक्त तपासले, सोनोग्राफी केली, दुर्बिणीतून आतडे पाहिले, तरी काहीच सापडत नाही.

निदानासाठी तज्ज्ञांनी नियम ठरवलेले आहेत. त्यांना 'रोम निकष' म्हणतात, आणि त्यांची चौथी आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. त्यानुसार शेवटच्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी हवी आणि वर सांगितलेल्या तीन खुणांपैकी किमान दोन हव्यात. तक्रारीची सुरुवात किमान सहा महिने आधी झालेली असावी. भारतात सर्वसामान्य लोकांची जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तीत हे प्रमाण सुमारे ४ टक्के आढळले. म्हणजे पंचवीस माणसांत एक. या हिशेबाने प्रत्येक शिक्षक-खोलीत नसला, तरी प्रत्येक मध्यम आकाराच्या शाळेत असा एखादा रुग्ण असणारच.

आपल्याकडे या रुग्णाला बहुधा 'जुनी आव आहे', 'अमिबा आहे' असे सांगितले जाते. कधी 'बेंबी सरकली' असेही निदान होते. यातील अमिबाची गोष्ट जीवशास्त्राच्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आव निर्माण करणारा 'एंटअमीबा हिस्टोलिटिका' आणि अगदी तसाच दिसणारा, पण निरुपद्रवी असलेला 'एंटअमीबा डिस्पार' या दोन वेगळ्या जाती आहेत, हे १९९३ मध्ये स्पष्टपणे मांडले गेले. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पुटींमधला फरक कळत नाही. मळाच्या तपासणीत 'अमिबाच्या पुटी' दिसल्या म्हणून जे रुग्ण वर्षानुवर्षे त्याच त्या गोळ्या घेत राहतात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या पोटदुखीशी त्या पुटींचा काही संबंध नसतो.

आतड्यात काय घडते?

तपासणीत काही सापडत नाही, म्हणून दुखणे खोटे असे मात्र नाही. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक लहान फुगा ठेवून तो हळूहळू फुगवत नेला. फुग्यात ६० मिलिलिटर हवा भरली, तेव्हा निरोगी माणसांपैकी सुमारे ६ टक्के लोकांना दुखले, तर या विकाराच्या रुग्णांपैकी सुमारे ५५ टक्के लोकांना. फुगा तोच, हवा तेवढीच, पण वेदना वेगळी. म्हणजे या रुग्णांच्या आतड्याची संवेदना तीव्र झालेली असते. इतरांना जाणवतही नाही एवढ्या वायूने यांना कळ येते.

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतंत्र जाळे असते. अन्न पुढे ढकलणे, पाचक रस सोडणे ही कामे ते मेंदूला न विचारता करू शकते. तरीही मेंदू आणि आतडे यांच्यात दोन्ही बाजूंनी सतत निरोप चालू असतात. परीक्षेच्या दिवशी सकाळी दोन-तीनदा शौचाला जावे लागणे हा त्या निरोपांचाच परिणाम, आणि तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. क्षोभी आतड्याच्या विकारात हे निरोप जास्त मोठ्या आवाजात जातात, असे समजायला हरकत नाही. म्हणून आता या विकाराकडे 'मेंदू आणि आतडे यांच्या परस्परसंबंधातील बिघाड' म्हणून पाहतात.

काहींमध्ये याची सुरुवात जंतुसंसर्गाने होते. मे २००० मध्ये कॅनडातील वॉकरटन या लहान गावाच्या पिण्याच्या पाण्यात जंतू शिरले आणि हजारो लोकांना जुलाब झाले. जुलाब थांबले, पण पुढची काही वर्षे त्या लोकांमध्ये या विकाराचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त राहिले. जंतूंमुळे पोट जोरात बिघडलेल्या साधारण दहा माणसांत एकाच्या मागे हा विकार लागतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. पावसाळ्यात गढूळ पाणी पिणाऱ्या आपल्या गावांना ही माहिती परकी वाटू नये. शुद्ध पाणी हा या विकाराचा प्रतिबंधक उपायही आहे.

प्रत्येक उपाय 'लागू' का पडतो?

हा विकार एकसारखा राहत नाही. काही आठवडे त्रास वाढतो, मग आपोआप ओसरतो, पुन्हा वाढतो. आता विचार करा, माणूस वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे केव्हा जातो? त्रास सर्वांत जास्त असतो तेव्हा. त्यानंतर काहीही केले किंवा काहीही केले नाही, तरी त्रास कमी होण्याचीच शक्यता अधिक. त्या दिवसांत जे औषध पोटात गेले असेल, त्याला श्रेय मिळते. संख्याशास्त्रात याला 'सरासरीकडे परत जाणे' म्हणतात. हे वर्गात फाशांनी दाखवता येते. त्याची कृती लेखाच्या शेवटी दिली आहे.

दुसरे कारण अपेक्षेचे. कोणी आपुलकीने विचारपूस केली, नाडी पाहिली, 'बरे वाटेल' असे सांगून पुडी दिली, तर मेंदूकडून आतड्याकडे जाणारा निरोप खरोखरच सौम्य होतो. औषधाचा अंश नसलेली, पण हुबेहूब औषधासारखी दिसणारी गोळी देऊन हा परिणाम मोजतात. तिला 'प्लासिबो' म्हणतात. आपण तिला 'भासगोळी' म्हणू. या विकारात भासगोळीने बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण बरेच मोठे असते. अनेक चाचण्यांत ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जाते.

म्हणून 'शंभरांपैकी साठ जणांना गुण आला' हे वाक्य एकटे निरर्थक आहे. त्याच वेळी, तशाच शंभर रुग्णांना भासगोळी दिली असती तर किती जणांना गुण आला असता, हे माहीत असल्याशिवाय त्या साठातून काहीच कळत नाही.

वाराणसीची चाचणी

ही तुलना आपल्याच देशात, आपल्याच झाडांवर झालेली आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी १९८९ मध्ये या विकाराच्या १६९ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला बेलफळ आणि ब्राह्मी यांपासून बनवलेले आयुर्वेदिक औषध दिले. दुसऱ्याला त्या काळातले नेहमीचे उपचार दिले, म्हणजे आतड्याचे आकुंचन कमी करणारे औषध, मन शांत करणारे औषध आणि इसबगोल. तिसऱ्याला भासगोळी. सहा आठवड्यांनंतरचे निष्कर्ष असे होते:

आयुर्वेदिक औषध : सुमारे ६५ टक्के रुग्णांना गुण
नेहमीचे उपचार : सुमारे ७८ टक्के
भासगोळी : सुमारे ३३ टक्के

हे आकडे विद्यार्थ्यांपुढे ठेवून काय दिसते ते विचारावे. पहिली गोष्ट, आयुर्वेदिक औषध भासगोळीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. 'झाडपाल्यात काही नसते' असे म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे. दुसरी गोष्ट, पासष्टातले सगळे श्रेय औषधाचे नाही. त्यातून भासगोळीचे ३३ वजा केले की उरतात ३२. तिसरी, ज्यांना मुख्यतः जुलाबांचा त्रास होता त्यांना बेलाचे औषध अधिक उपयोगी पडले. ज्यांची मुख्य तक्रार वेदनेची होती त्यांना नेहमीचे उपचार अधिक मानवले. 'या विकारावर चांगले औषध कोणते' या प्रश्नापेक्षा 'कोणत्या रुग्णासाठी कोणते' हा प्रश्न जास्त योग्य ठरतो.

चौथी गोष्ट या चाचणीत सर्वांत महत्त्वाची, आणि जाहिरातीत ती कधीच येणार नाही. संशोधक एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी रुग्णांवर सहा महिन्यांहून अधिक काळ नजर ठेवली. तेव्हा दिसले की त्रास पुन्हा उलटण्याच्या बाबतीत दोन्ही उपचार भासगोळीपेक्षा सरस नव्हते. म्हणजे उपचार चालू असताना आराम, पण कायमची सुटका कोणत्याच पद्धतीत नाही. 'मुळापासून बरे करतो' असे कोणी सांगितले, तर ही ओळ आठवावी.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 'ग्रहणी' या विकारावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्याच्या उपचारांत ताकाची थोरवी सांगितली आहे. ग्रहणीची काही लक्षणे आपल्या विकाराशी जुळतात. पण ग्रहणी म्हणजेच क्षोभी आतडे, असे समीकरण मांडणे घाईचे होईल. ग्रहणीच्या वर्णनात आज आपण वेगळे मानतो असे अनेक आजार एकत्र आलेले असू शकतात. जुन्या ग्रंथांमुळे काय तपासून पाहावे याची दिशा मिळते. तपासायचे काम मात्र वाराणसीत केले तसे करावेच लागते.

एकेक उपाय पारखू या

इसबगोल : हा भुसा आपल्या घरोघरी माहीत आहे. इसबगोलच्या बियांवरील पातळ टरफलात पाणी धरून फुगणारा चिकट पदार्थ असतो. पाण्याने भरलेल्या पेल्यात चमचाभर भुसा टाकून काही मिनिटे ठेवला, तर तयार होणारा लगदा विद्यार्थ्यांना दाखवता येतो. आतड्यातही हेच होते. मळ कोरडा असेल तर पाणी धरून तो मऊ राहतो. पातळ असेल तर जास्तीचे पाणी शोषले जाते. म्हणून एकच वस्तू बद्धकोष्ठ आणि जुलाब या दोन्ही टोकांना उपयोगी पडते. शिवाय आतड्यातील जिवाणूंना हा पदार्थ सहजासहजी आंबवता येत नाही, त्यामुळे वायू फार होत नाही. हॉलंडमध्ये २७५ रुग्णांवर केलेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत इसबगोल, गव्हाचा कोंडा आणि भासचूर्ण यांची तुलना होती. पहिल्या महिन्यात इसबगोल घेणाऱ्यांपैकी ५७ टक्के आणि भासचूर्ण घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के रुग्णांना पुरेसा आराम पडला. गव्हाच्या कोंड्याचा फायदा ठळक नव्हता. उलट त्रास वाढला म्हणून अनेकांनी तो मध्येच सोडला. 'चोथा खा, पोट साफ होईल' हा सल्ला सरसकट देऊ नये, हे यावरून कळते. इसबगोल थोड्या प्रमाणापासून सुरू करावा आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. कोरडा गिळल्यास तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो.

पेपरमिंटचे तेल : पुदिन्याच्या कुळातील या वनस्पतीच्या तेलात मेन्थॉल असते. स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरण्याचे मार्ग ते काही प्रमाणात बंद करते, म्हणून आतड्याचा स्नायू सैलावतो. जठरात न विरघळता पुढे आतड्यात उघडणाऱ्या कॅप्सूलमधून ते देतात. २००८ साली चार चाचण्यांतील ३९२ रुग्णांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा त्याचा मोठा फायदा दिसला. पुढे हॉलंडमध्येच १९० रुग्णांवर अधिक काटेकोर चाचणी झाली आणि २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत आराम पडलेल्यांचे प्रमाण ४७ टक्के, तर भासगोळीच्या गटात ३४ टक्के होते. हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असण्याची शक्यता नाकारता आली नाही. चाचण्या जसजशा कडक होतात तसतसे आकडे खाली येतात, हा अनुभव विज्ञानात अनेकदा येतो. घरी पुदिन्याची चटणी खाल्ल्याने हा परिणाम मिळतो, असे मात्र समजू नये.

ताक आणि उपयुक्त जिवाणू : आंबवलेल्या दुधात जिवंत जिवाणू असतात. त्यांच्या निवडक जाती कॅप्सूलमधून देऊन अनेक चाचण्या झाल्या. काही जातींचा थोडा उपयोग दिसला, काहींचा नाही. एका जातीचा निष्कर्ष दुसरीला लावता येत नाही, आणि घरच्या विरजणात कोणती जात किती आहे हे आपल्याला ठाऊक नसते. तरी ताकाला एक सोपा आधार आहे. अनेक प्रौढ भारतीयांना दुधातील साखर नीट पचत नाही. विरजताना तिचा काही भाग जिवाणू वापरतात, म्हणून दुधापेक्षा दही-ताक मानवते.

आहार : मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी २००५ पासून एक आहारपद्धती विकसित केली. लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या आणि पुढे आंबून वायू करणाऱ्या शर्करांना त्यांनी एकत्रितपणे 'फॉडमॅप' हे नाव दिले. गहू, कांदा आणि लसूण यांतील फ्रुक्टन, डाळींतील काही शर्करा, दुधातील लॅक्टोज ही त्यांची उदाहरणे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका चाचणीत ३० रुग्णांना आळीपाळीने नेहमीचा आणि या शर्करा कमी असलेला आहार प्रत्येकी २१ दिवस दिला. १०० गुणांच्या मापावर त्रास नेहमीच्या आहारात सुमारे ४५ होता, बदललेल्या आहारात सुमारे २३.

परभणीकरांना यातला एक भाग सोपा आहे. ज्वारीत गव्हापेक्षा फ्रुक्टन कमी असतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे ज्वारीचे वाण दिले आहेत आणि भाकरी हे इथले रोजचे अन्न. गेल्या काही दशकांत ताटात चपाती वाढली आहे. ज्यांना या विकाराचा त्रास आहे, त्यांनी काही आठवडे भाकरीवर येऊन पाहायला हरकत नाही. कडधान्ये भिजवून ते पाणी टाकले किंवा मोड आणले, तर वायू करणाऱ्या शर्करा कमी होतात. फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या, तरी फोडणीला वास राहतो. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग वापरता येतो. पण सगळ्याच गोष्टी कायमच्या बंद करू नयेत. सहा-आठ आठवड्यांनी एकेक पदार्थ परत सुरू करून आपल्याला नेमका कोणता बाधतो ते पाहायचे असते. डाळ हा आपल्या जेवणातला प्रथिनांचा मुख्य आधार आहे. वाढीच्या वयातील मुलांची डाळ कोणाच्या ऐकीव सल्ल्याने बंद करणे योग्य नाही.

योग आणि संमोहन : दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जुलाबाचा त्रास असलेल्या २२ पुरुषांवर केलेली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. योगासने व श्वसन करणारा गट आणि जुलाब थांबवणारे औषध घेणारा गट, दोघांनाही दोन महिन्यांत फायदा झाला. निष्कर्ष आशादायक आहे, पण रुग्ण अवघे २२. जर्मनीत ५९ रुग्णांवर योग आणि वर सांगितलेला आहार यांची तुलना झाली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. संमोहनाचा अभ्यास १९८४ पासून चालू आहे. त्या वर्षी मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी तीव्र त्रासाच्या ३० रुग्णांवर ते वापरून पाहिले आणि उत्तम परिणाम मिळवले. आज प्रशिक्षित माणसांकडून केलेले 'आतड्यासाठीचे संमोहन' व वर्तनोपचार हे मान्य उपचारांत मोडतात. अडचण आहे ती असे प्रशिक्षित लोक आपल्याकडे फार थोडे असण्याची. गावजत्रेतल्या संमोहनाच्या खेळाशी याचा संबंध नाही.

होमिओपॅथी आणि ॲक्युपंक्चर : २०१३ मध्ये होमिओपॅथीवरील उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला गेला. चाचण्या मोजक्या आणि कच्च्या असल्याने ठाम निष्कर्ष काढता आला नाही. ॲक्युपंक्चरवरील १७ चाचण्यांचा आढावा २०१२ मध्ये निघाला. खऱ्या सुया आणि नुसता सुया टोचल्याचा देखावा यांची जिथे तुलना झाली, तिथे फरक दिसला नाही.

देखाव्याचीच चाचणी

मग प्रश्न येतो, देखाव्याने किती बरे वाटते? अमेरिकेतील टेड कॅप्टचक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमके हेच मोजले. २६२ रुग्णांचे तीन गट केले. एकाला नुसते प्रतीक्षायादीत ठेवले. दुसऱ्याला फारसे न बोलता खोटे ॲक्युपंक्चर केले. तिसऱ्याला तेच खोटे ॲक्युपंक्चर केले, पण आपुलकीने, सविस्तर बोलून, धीर देऊन. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. तिन्ही गटांत औषध शून्य.

याच संशोधकांनी २०१० मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. ८० रुग्णांपैकी काहींना भासगोळ्या दिल्या आणि त्यात औषध नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले. तरीही तीन आठवड्यांनी ५९ टक्के रुग्णांना पुरेसा आराम वाटला. गोळी न दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होते. मात्र या रुग्णांना गोळी घेतल्याचे माहीत होते आणि चाचणी अल्पकाळाची होती, हे विसरू नये.

यावरून दोन धडे मिळतात. ज्या बुवाकडे किंवा वैदूकडे लोकांना बरे वाटते, त्याच्याकडे खास औषध असलेच पाहिजे असे नाही. त्याच्याकडे वेळ आणि चार शब्द असतात. आणि सरकारी दवाखान्यातल्या लांब रांगेच्या शेवटी अर्ध्या मिनिटात चिठ्ठी हाती पडते, तेव्हा त्या चिठ्ठीवरील चांगल्या औषधाचाही काही गुण वाया जातो. दोष रांगेचा असेल, डॉक्टरांचा नसेल, पण नुकसान रुग्णाचे होते.

धोका कोठे आहे?

निरुपद्रवी उपायाने बरे वाटत असेल तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते तीन प्रकारे.

पहिला प्रकार, दुखणे दुसरेच असते. आतड्याचा क्षय, मोठ्या आतड्याचा कर्करोग, आतड्याला व्रण पाडणारे आजार, गव्हातील ग्लूटेनमुळे होणारा सिलिॲक आजार, थायरॉइडचे विकार या सर्वांची सुरुवात 'पोट बिघडले आहे' या वाक्यानेच होऊ शकते. खालीलपैकी एक जरी खूण असली, तरी घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरकडे गेलेच पाहिजे: शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे, वारंवार ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा वेदना, पोटात गाठ लागणे, जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग असणे आणि पंचेचाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार. सिलिॲक आजाराची शंका असेल तर रक्त तपासण्याआधी गहू बंद करू नये. बंद केला तर तपासणीत आजार लपून राहू शकतो.

दुसरा प्रकार, उपायच अपायकारक असतो. बिब्ब्याचे डाग देणे, पोटाला चटके देणे या प्रथांनी कातडी भाजते, जखमा चिघळतात आणि आतड्याला काहीच होत नाही. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिशाच्या विषबाधेचे एक लक्षण पोटदुखी आणि बद्धकोष्ठ हेच आहे! म्हणून घटक व उत्पादकाचे नाव छापलेले नसेल, तर ती पुडी कितीही 'नैसर्गिक' असली तरी घेऊ नये.

तिसरा प्रकार पैशाचा. कायमची सुटका नसलेल्या विकारावर 'कायमच्या' उपायासाठी माणूस पुन्हा पुन्हा खर्च करत राहतो. हा विकार त्रासदायक असला, तरी त्यातून कर्करोग होत नाही आणि आयुष्य कमी होत नाही. तपासणीनंतर ही एक गोष्ट नीट समजली, तरी अनेकांची निम्मी भीती जाते.

शाळेपुरते

हा त्रास शाळकरी मुलांनाही होतो. परीक्षेच्या दिवसांत 'पोट दुखते' म्हणणारा प्रत्येक विद्यार्थी बहाणे करत नसतो. अशा मुलाला वर्गातून विचारपूस न करता बाहेर जाऊ द्यावे. त्यासाठी एखादी खूण ठरवून ठेवता येते. शाळेचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसेल, तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि शौच रोखून धरतात. त्याने बद्धकोष्ठ वाढते. इथे उपाय औषधाचा नाही, पाण्याचा आणि दाराच्या कडीचा आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

साहित्य: दोन फासे, खडू, फळा.

१. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन फासे एकदा टाकावेत. बेरीज म्हणजे त्याचा 'आजचा त्रास'. फळ्यावर नोंद करावी. वर्गाची सरासरी ७ च्या जवळ येईल.

२. ज्यांची बेरीज ९ किंवा जास्त आहे, ते आज 'दवाखान्यात' आले. ३६ विद्यार्थ्यांत असे साधारण १० असतील. त्यांची सरासरी १० च्या आसपास येईल.

३. यांच्यापैकी निम्म्यांना पेल्यातून 'औषध' म्हणून साधे पाणी द्यावे. उरलेल्यांना काहीच देऊ नये.

४. दोन्ही गटांनी पुन्हा फासे टाकावेत. पाणी प्यालेल्यांचा त्रास १० वरून ७ च्या आसपास, म्हणजे सुमारे ३० टक्के कमी झालेला दिसेल. मग न प्यालेल्यांचे आकडे वाचावेत. त्यांचाही तेवढाच उतरलेला असेल. मुले थोडी असल्याने आकडे वरखाली होतील, म्हणून दोन-तीन तुकड्यांचे निष्कर्ष एकत्र करावेत.

५. शेवटी विचारावे: दुसरा गट ठेवलाच नसता, तर पाण्याबद्दल आपण काय निष्कर्ष काढला असता? मग वाराणसीच्या चाचणीचे तीन आकडे फळ्यावर लिहून, त्यातील भासगोळीचा गट कशासाठी होता, हे मुलांनाच सांगू द्यावे.